यजमान कोणाला म्हणावे?

फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा कोणत्या शहरी भरवावी, या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातल्या माणसाने करावा, हे पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. आपल्याला बर्फ भेटतो तो उसाच्या रसाच्या पेल्यात, नाहीतर मासळीबाजारातल्या टोपलीत. पायांना पोलादी पाती बांधून त्या बर्फावर कोणी गिरक्या घेतो, हवेत चार वेढे घेऊन पुन्हा एका पायावर अलगद उतरतो, हे आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले आणि तोंडात बोट घातले, इतकाच काय तो आपला या खेळाशी संबंध. तरीही हा प्रश्न बरेच दिवस माझा पिच्छा सोडीत नाही. कारण वरवर तो बर्फाचा दिसत असला, तरी मुळात तो यजमानपणाचा आहे. आणि यजमानपण हा विषय आपल्याला परका नाही. कोणाला बोलवावे, कोणाला कुठे बसवावे, आपल्या सोयीने वाढावे की पाहुण्याच्या भुकेने, आणि ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे त्याला दार उघडावे की नाही, हे सारे दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घराघरात चाललेलेच असते. घरापुरते आपण ते निभावून नेतो. पण शहराने किंवा राष्ट्राने यजमान व्हायचे ठरवले, म्हणजे तेच प्रश्न फार कठीण होऊन बसतात.

एके काळी या बाबतीत माणसाला विचार करावाच लागत नसे. निसर्गच जागा ठरवीत असे. १८९२ साली हॉलंडमधील स्खेवेनिंगेन येथे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली आणि १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. स्पर्धक किती? अवघे चार! जर्मनीच्या गिल्बर्ट फुक्सने ती जिंकली. ज्या गावी पाणी गोठे त्या गावी खेळाडू जमत. स्वित्झर्लंडमधील दाव्होससारखी डोंगरातली गावे त्यामुळेच या खेळाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात. ऊन पडले तर बर्फ पाणावे, वारा सुटला तर गिरकी बिघडे. पण त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नसे. १९६७ साली व्हिएन्नाला झालेली जागतिक स्पर्धा उघड्यावर भरली आणि पावसाने तिची दुर्दशा केली. त्यानंतर मात्र ही स्पर्धा कायमची छताखाली गेली. आता बर्फ यंत्राने गोठतो. पैसा असेल तर तो वाळवंटातही गोठवता येईल. म्हणजेच जागेची निवड निसर्गाच्या हातून सुटून माणसाच्या हाती आली. आणि जे माणसाच्या हाती आले त्याचा जाबही माणसालाच द्यावा लागतो.

आदर्श जागा कोणती, याचे पहिले उत्तर कारागिराचे आहे. तो म्हणेल, जेथे बर्फ उत्तम ती जागा उत्तम. हे उत्तर दिसते तितके सोपे नाही. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असा तो पट्टा सगळीकडे सारखा गोठलेला असावा लागतो. आइस हॉकीच्या खेळाडूंना कडक बर्फ लागतो. फिगर स्केटिंग करणाऱ्याला तो किंचित मऊ, उणे तीन-चार अंश तापमानाचा हवा असतो, म्हणजे पात्याची धार त्यात रुतते आणि उडीवरून उतरताना बर्फ कपचे उडवीत नाही. शिवाय जागेची उंची आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंच आहे. तेथे १९५७ ते १९७५ या काळात पाच वेळा जागतिक स्पर्धा भरल्या. विरळ हवेत सरावलेल्या खेळाडूचा श्वास जिथे पुरतो, तिथे समुद्रकाठच्या पाहुण्याला शेवटच्या मिनिटाला धाप लागते. कारागिराचे उत्तर म्हणून महत्त्वाचे आहे. परंतु ते पुरेसे नाही. चांगला बर्फ ही यजमानाची पात्रता झाली, गुण नव्हे. पंगतीला पान स्वच्छ असावे हे खरे. पण स्वच्छ पान मांडले म्हणून कोणी अतिथ्यशील ठरत नाही.

दुसरे उत्तर व्यवहारी माणसाचे. तो म्हणतो, जेथे प्रेक्षक जास्त, तेथे स्पर्धा न्यावी. खेळाडूने आयुष्याची पंधरा वर्षे झिजवून जी चार मिनिटे घडवली, ती रिकाम्या खुर्च्यांपुढे का सादर करावीत? या मताने पाहिले तर जपानसारखा यजमान दुसरा नाही. २०१४, २०१९ आणि २०२३ अशी तीन वेळा जागतिक स्पर्धा एकट्या सायतामा शहराला मिळाली, ती उगाच नव्हे. तेथला प्रेक्षक हा खेळ जाणतो, त्यावर जीव टाकतो. मला हे उत्तर मनापासून आवडते. पण व्यवहाराचा एक स्वभाव आहे: तो दारातून आत आला की हळूहळू घराचा मालक बनतो. २०१८ साली दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे आणि २०२२ साली बीजिंगला ऑलिंपिकमधील फिगर स्केटिंग झाले, तेव्हा बऱ्याच लढती सकाळी ठेवण्यात आल्या. एरवी हे खेळाडू संध्याकाळी उतरतात. मग सकाळ का? तर तेव्हा अमेरिकेत रात्रीच्या जेवणानंतर दूरदर्शनपुढे बसण्याची वेळ होते. ज्यांनी भल्या पहाटे उठून अंग तापवायचे ते खेळाडू, आणि ज्यांनी कामधंदा सोडून सकाळी यायचे ते गावकरी. यजमान कोरियाचा किंवा चीनचा, पण जेवणाची वेळ ठरवणारा समुद्रापलीकडे बसलेला! मग अशा वेळी यजमान म्हणायचे कोणाला?

तिसरे उत्तर न्यायनिष्ठ माणसाचे आहे, आणि ते मला सर्वांत अधिक विचार करायला लावते. तो म्हणतो, जागा तटस्थ असावी. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते. फिगर स्केटिंगमध्ये माणसे देतात. माणसांचे कान उघडे असतात. घरच्या मुलीने उडी मारली की सभागृह दणाणते, परक्या मुलीने तीच उडी मारली की टाळ्या होतात, पण शिष्टाचारापुरत्या. परीक्षक निरनिराळ्या देशांचे असले तरी त्या गर्जनेचा त्यांच्यावर परिणाम होत नसेल, असे कोण छातीठोकपणे सांगेल? २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेचा निकाल परीक्षकांवरील दबावाच्या आरोपाने इतका डागाळला, की अखेर दोन जोड्यांना सुवर्णपदके द्यावी लागली. आणि २००४ पासून गुण देण्याची जुनी रीतच बदलण्यात आली. आपल्या महाभारतात या शंकेचे मूळ रूप आहे. धृतराष्ट्राने हस्तिनापुरात एक देखणी सभा बांधवली आणि ती पाहायला या, म्हणून विदुराकरवी पांडवांना आवतण धाडले. सभा यजमानाची, प्रेक्षक यजमानाचे, फासेही यजमानाच्या मेहुण्याच्या हातातले. पुढे काय झाले ते आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे.

पण संपूर्ण तटस्थ जागा म्हणजे काय, याचाही अनुभव जगाने एकदा घेतला. महामारीच्या काळात, २०२० च्या मार्चमध्ये माँट्रियलची जागतिक स्पर्धा रद्द झाली. आणि २०२१ साली स्टॉकहोमला जी झाली ती प्रेक्षकांशिवाय. कोणासाठी गर्जना नाही, कोणासाठी थंडपणा नाही. न्यायाचा काटा इतका स्थिर पूर्वी कधी राहिला नसेल. तरीही पुन्हा तशीच स्पर्धा व्हावी, असे एकाही खेळाडूला वाटले असेल, हे मला खरे वाटत नाही. आपल्या आनंदाला साक्षी लागतात. तेव्हा गर्जना नाहीशी करणे हा उपाय नव्हे. ज्या गावचे लोक आपल्या मुलीला हरवणाऱ्या परक्या मुलीसाठीही उठून उभे राहतील, ते गाव शोधणे हा उपाय आहे. आणि हा गुण कोणत्याही निविदेत लिहिता येत नाही.

आता मी ज्या गोष्टीपाशी यायचे म्हणत होतो तिच्यापाशी येतो. १९४८ साली चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांच्या हाती सत्ता आली, तेव्हा येलिनेक नावाचे एक कुटुंब प्रागहून निघून गेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झाले. त्या घरातली ओट्टो आणि मारिया ही भावंडे वाढली, जोडीने स्केटिंग करू लागली आणि कॅनडाच्या वतीने जागतिक स्पर्धांत उतरू लागली. १९६१ ची जागतिक स्पर्धा ठरली होती प्रागला! जे गाव सोडून आईबाप पळाले, त्याच गावी आता पाहुणे म्हणून जायचे. पण तेथील सरकारच्या लेखी ही भावंडे पाहुणी नव्हतीच. ती त्याच देशाची नागरिक होती. एकदा सीमेच्या आत आली की पुन्हा बाहेर जाऊ द्यायचे की नाही, हे सरकारच्या मर्जीवर. तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने बजावले, की हा हक्क सोडा, नाहीतर स्पर्धा दुसरीकडे हलवू. सरकारने हक्क सोडला. १९६१ ची स्पर्धा एका भयंकर दुर्घटनेमुळे झालीच नाही. फेब्रुवारीत प्रागकडे निघालेला अमेरिकेचा सारा संघ ब्रसेल्सजवळच्या विमान अपघातात मृत्युमुखी पडला. पुढच्या वर्षी, १९६२ साली, प्रागलाच स्पर्धा भरली. आणि जोड्यांचे सुवर्णपदक ओट्टो आणि मारिया येलिनेक यांनी आपल्या जन्मगावी, कॅनडाच्या नावावर जिंकले. ओट्टो येलिनेक पुढे कॅनडाचे मंत्री झाले, आणि कितीतरी वर्षांनी कॅनडाचे राजदूत म्हणून त्याच प्रागमध्ये राहायला गेले.

या हकिगतीत मला यजमानपणाची खरी कसोटी सापडते. शल्याची गोष्ट आठवा. तो पांडवांच्या बाजूने लढायला निघाला होता. वाटेत जागोजागी विश्रांतिगृहे, उत्तम अन्न, सेवक! हे सारे युधिष्ठिराने केले असे समजून तो प्रसन्न झाला, आणि ज्याने हे केले त्याला वर द्यायला तयार झाला. तेव्हा दुर्योधन पुढे आला आणि म्हणाला, माझ्या बाजूने लढा. त्या पाहुणचारात उणे काहीच नव्हते. फक्त तो संपल्यावर पाहुणा मोकळा राहिला नाही. पाहुणा जसा आला तसा, त्याच मनाने आणि त्याच पावलांनी, परत जाऊ शकतो का? ही कसोटी मी बर्फाच्याही आधी ठेवतो, प्रेक्षकांच्याही आधी ठेवतो.

ती लावली म्हणजे काही अवघड निवाडे जरा सुकर होतात. ११ मार्च २०११ रोजी जपानला भूकंपाने आणि त्सुनामीने झोडपले. जागतिक स्पर्धा त्याच महिन्यात टोकियोला व्हायची होती. युझुरु हान्यू हा पुढे दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारा मुलगा त्या क्षणी सेंदाईच्या बर्फावर सराव करीत होता. पायांतली पाती न काढताच तो बाहेर धावला. स्पर्धा एप्रिलअखेरीस मॉस्कोला हलवण्यात आली. दुःखात असलेल्या घरावर पाहुण्यांचा भार टाकू नये, हे बरोबरच झाले. मॉस्कोने तेव्हा शेजारधर्म पाळला, हेही नमूद केले पाहिजे. आणि अकराच वर्षांनी, २०२२ साली, युक्रेनवरील आक्रमणानंतर त्याच रशियातील ग्रां प्री स्पर्धा काढून घेण्यात आली आणि तिच्या जागी फिनलंडमधील एस्पो येथे स्पर्धा झाली. यातही मला अन्याय दिसत नाही. यजमानपद हा कोणत्याही राष्ट्राचा जन्मसिद्ध हक्क नव्हे. ज्याच्या शेजाऱ्याचे घर त्याच्याच हातून जळते आहे, त्याने त्या शेजाऱ्याला आपल्या अंगणात खेळायला या म्हणावे, हे शोभत नाही.

परंतु त्याच वेळी रशियाच्या आणि बेलारूसच्या खेळाडूंनाही बर्फावरून दूर ठेवण्यात आले. तेथे मात्र माझे मन अडखळते. एका बाजूला युद्धातून वाट काढीत माँपेलियेच्या स्पर्धेला पोचलेले युक्रेनचे खेळाडू. त्यांनी आक्रमकाचा ध्वज शेजारी कसा सोसावा? दुसऱ्या बाजूला पंधरा-सोळा वर्षांची मुले, ज्यांनी कोणावर तोफ डागलेली नाही. पुढे २०२५ साली काही मोजक्यांना ध्वजाशिवाय, तटस्थ खेळाडू म्हणून ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत उतरू दिले गेले. तो मधला मार्ग कोणालाच पुरता समाधान देणारा नाही. मला एवढेच वाटते, की घर काढून घेणे आणि पाय काढून घेणे यांत फरक आहे. पहिली शिक्षा राष्ट्राला बसते, दुसरी माणसाला. म्हणून पहिलीला पुरेल एवढे कारण दुसरीला पुरेलच असे नाही.

येथे एक चतुर वाचक मला अडवील. तो म्हणेल, "तुमची कसोटी ऐकायला बरी आहे, पण सुरक्षित, सधन आणि शिस्तीची अशी शहरे जगात मोजकीच. मग वर्षानुवर्षे त्यांच्याच दारी स्पर्धा जाणार आणि बाकीच्या जगाने पडद्यावरच समाधान मानायचे काय?" आक्षेप खरा आहे. जागतिक स्पर्धा आशियात प्रथम आली ती १९७७ साली, टोकियोला. म्हणजे आरंभापासून एक्क्याऐंशी वर्षांनी. प्रौढांची ही स्पर्धा आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत आजवर भरलेली नाही. युरोपबाहेरच्या खेळाडूंसाठी १९९९ पासून चार खंडांची म्हणून वेगळी स्पर्धा सुरू झाली. पण महामारीमुळे २०२२ साली ती चीनमधील त्येंजिनहून हलवावी लागली, तेव्हा तिला आसरा मिळाला तो युरोपात, एस्टोनियाच्या ताल्लिन शहरी! घरातल्या सुनेसाठी वेगळी चूल मांडावी आणि ऐन सणाला तिने शेजारणीच्या चुलीवर स्वयंपाक करावा, तसे झाले.

म्हणून माझा क्रम असा आहे. पाहुण्याची सुरक्षितता आणि मोकळीक यांच्यात तडजोड नाही. चांगल्या बर्फातही नाही. पण एवढे सांभाळू शकणारी जी जी शहरे असतील, त्यांच्यात ज्याचा पाट कधीच मांडला गेला नाही त्याला आधी बसवावे, ज्याची थैली मोठी त्याला नव्हे. याची किंमत द्यावी लागेल, हे मी लपवीत नाही. काही खुर्च्या रिकाम्या राहतील, तिकिटांचे पैसे कमी जमतील, बक्षिसेही थोडी हलकी होतील. पण ज्या खेळात दरवर्षी तीच घरे यजमान, तो खेळ जगाचा कसा म्हणावा? तो त्या चार घरांचा भिशीचा कार्यक्रम!

मात्र नव्या यजमानाकडून एक वचन घ्यावे: पाहुणे गेल्यानंतर बर्फ वितळू देऊ नये. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठे बंदिस्त बर्फगृह बांधले गेले. स्पर्धा झाली, आणि मग ते वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. उलट शिमल्याला १९२० पासून लोक स्केटिंग करतात ते साध्या उघड्या मैदानावर. संध्याकाळी पाणी शिंपडायचे, रात्रीच्या थंडीने ते गोठवायचे आणि ऊन चढण्याआधी मुलांनी त्यावर खेळून घ्यायचे. हवा तापत चालली तसे तेथले बर्फाचे दिवसही घटत चालले आहेत. एकीकडे बर्फ आहे पण थंडी पुरत नाही. दुसरीकडे यंत्र होते पण मुले नव्हती. देहरादूनचे ते बर्फगृह २०२५ साली पुन्हा उघडले आणि त्याच वर्षी तेथे आशियाई दर्जाची वेगाच्या स्केटिंगची स्पर्धाही झाली. तेव्हा फिगर स्केटिंगची एखादी मोठी स्पर्धा कधीतरी आपल्या दारी येईल, ही कल्पना आता अगदीच स्वप्नातली राहिलेली नाही.

ती आली तर आपण माझ्या कसोटीला उतरू काय? हा प्रश्न मला टाळता येत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीला नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा होती. पुलवामा येथे आपले चाळीस जवान नुकतेच मारले गेले होते. देश शोकाने आणि संतापाने पेटला होता. पाकिस्तानच्या नेमबाजांना येण्याचा परवाना मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यावर भारताशी यजमानपदाबाबतच्या साऱ्या वाटाघाटी काही महिने थांबवल्या. त्या दिवसांतला संताप खोटा होता, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना क्रीडाधर्म शिकवायला जाणारा मी कोण? घरात सुतक असताना दार लावून घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु दार लावून घेतल्यावर पंगतीचे यजमान म्हणून मिरवता येत नाही. दोन्हींतले एक निवडावे लागते. आणि मला वाटते, आमच्याने हे होणार नाही असे सांगून यजमानपद परत करणे, हेही सभ्य यजमानाचेच लक्षण आहे. १९६२ च्या प्रागला जी अट घातली गेली, तीच अट आपल्याला घातली तर ती अन्यायाची म्हणता येणार नाही.

आता आपण २०३६ च्या ऑलिंपिकची इच्छा बाळगून आहोत. मैदाने बांधली जातील, रस्ते रुंद होतील, बर्फच काय, जे लागेल ते गोठवण्याची यंत्रेही येतील. त्या सगळ्याचे अंदाजपत्रक करणारी हुशार माणसे आपल्याकडे आहेत. पण एखाद्या लहानशा, किंवा आपल्याला न आवडणाऱ्या देशाची मुलगी त्या बर्फावर उतरेल. सभागृहात तिच्या ओळखीचा एकही माणूस नसेल. ती पडेल, उठेल, उरलेले नृत्य पुरे करील आणि शेवटच्या क्रमांकावर राहील. तिच्यासाठी आपण टाळ्या वाजवू का, आणि दुसऱ्या दिवशी ती निर्धास्तपणे विमानात बसेल का, याचे अंदाजपत्रक कोणत्याच कचेरीत होत नाही. ते आपल्या घरातच करावे लागेल. निदान या दिवाळीत, फराळाच्या ताटाभोवती सारे जमले असतील तेव्हा, हा प्रश्न एकदा मुलांना विचारून पाहावा, असे मला वाटते. त्यांची उत्तरे आपल्यापेक्षा मोकळी असण्याचा संभव आहे.